रुंदीची ओळ मी लिहिली नाही

ताई, आज मी एक फाईल लिहिली. दहा-बारा ओळींची असेल, पण त्यात आठवडा गेला. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "एवढ्याशा फाईलला आठवडा? दगडात कोरलीस का गं?"

आपला ओंकार म्हणाला, वार्षिकांकात ताईवर तूच लिही, मला 'भावपूर्ण'च्या पुढं शब्द सुचत न्हाईत. मलाही सुचत नाहीत. कॉलेजात आल्यापासून मी परीक्षेपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. मोठ्या माणसांवर लिहितात तसं तुझ्यावर कसं लिहायचं, तेही मला ठाऊक नाही. तुझे गुण, तुझे मार्क, तुझी बक्षिसं सगळ्यांना माहीत आहेत. मी तुझ्याशीच बोलते. वाचणाऱ्यांनी ऐकावं.

पहिल्या वर्षी मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. तू दोन वर्षं पुढे, शहरातली, आई-वडील दोघंही शिक्षक. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. तुला 'तू' म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. एकदा तू चिडून म्हणालीस, "अजून एकदा तुम्ही म्हणालीस तर मी तुला कांचनबाई म्हणेन, सगळ्या लॅबसमोर." त्या दिवसापासून 'तू'.

आपली पहिली भेट आठवते? लॅबमध्ये मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसले होते. सरांनी सांगितलं होतं, आतली ओळ चार जागा सोडून लिहायची. मी प्रत्येक ओळीला स्पेसबार चार वेळा वाजवत होते, मनात मोजत. तू मागून आलीस.

"काय टकटक चाललीय? सुतारपक्षी आहेस का?"

मी हात मागे घेतला. तू डावीकडची टॅबची कळ दाखवलीस. "ही दाब. एकदाच."

मी विचारलं, "चुकून जास्त दाबली गेली तर काही उडेल का?"

तू हसली नाहीस. आजूबाजूचे हसले, तू नाही. म्हणालीस, "उडालं तर आपण परत लिहू. दाब."

आता वार्षिकांक वाचणाऱ्यांना थोडं सांगावं लागेल, तू कंटाळू नकोस. प्रोग्रॅम लिहिताना कुठली सूचना कुठल्या सूचनेच्या पोटात येते ते कळावं म्हणून आतल्या ओळी उजवीकडे सरकवून लिहितात. आपण ज्या पायथन भाषेत लिहितो तिच्यात तर या सरकवण्यालाच, म्हणजे इंडेंटलाच, अर्थ असतो. सरकवणं चुकलं की प्रोग्रॅम चालत नाही. ओळ सरकवायच्या दोन रीती आहेत. एक, टॅबची एक खूण टाकायची. दुसरी, चार स्पेस द्यायच्या. प्रोग्रॅम ज्यात लिहितो त्या एडिटरमध्ये दोन्ही सारख्याच दिसू शकतात, पण संगणकाच्या लेखी त्या वेगळ्या असतात. बाहेरच्या माणसाला हा वाद करण्यासारखा विषय वाटणार नाही. आपण त्यावर दीड वर्ष भांडलो.

आणि भांडलो ते 'पाटी'वरून.

पाटीचा जन्म माझ्या एका गोष्टीतून झाला, असं तू सगळ्यांना सांगायचीस आणि मला मान खाली घालावीशी वाटायची. गोष्ट एवढीच होती. दिवाळी झाली की आमचं गाव अर्धं रिकामं व्हायचं. आई-आण्णा ऊसतोडीला निघायचे आणि ट्रकमध्ये भांड्यांच्या, शेळीच्या शेजारी आम्ही भावंडं. पाथर्डीच्या शाळेत बाई अपूर्णांकापर्यंत आल्या होत्या. कारखान्यावरच्या शाळेत गेले तर तिथले गुरुजी अपूर्णांक पहिल्यापासून शिकवायला लागले, कारण मी कुठपर्यंत आले आहे ते त्यांना कळणार कसं? उन्हाळ्यात परत आले तोवर गावातला वर्ग दशांश संपवून पुढे गेला होता. मला अपूर्णांक दोनदा शिकायला मिळाले आणि दशांश एकदाही नाही. कॉलेजात येईपर्यंत मला त्या टिंबाची भीती वाटायची.

हे मी कॅन्टीनमध्ये सहज सांगितलं होतं. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"म्हणजे तिकडच्या गुरुजींना फक्त एवढंच कळायला हवं होतं की तू कुठल्या धड्यापर्यंत आली आहेस?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे आपल्याला करता येईल."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी तू लॅपटॉप घेऊन आलीस आणि पाटी सुरू झाली. गावातल्या बाईंनी मुलाच्या नावापुढे धडा टाकायचा, तिकडच्या गुरुजींनी तो बघायचा आणि पुढचा शिकवायचा. आपण तिघं: तू, मी आणि काष्टीचा ओंकार. त्याला तू घेतलंस कारण त्याच्याकडे मोटारसायकल होती. हे त्याला अजून माहीत नव्हतं, आता कळेल.

सुरुवातीच्या सगळ्या ओळी तू लिहिल्यास, टॅब देऊन. मी पुढे वाचत गेले, शिकत गेले आणि एके ठिकाणी वाचलं की पायथन लिहिणाऱ्यांनी चार स्पेस द्याव्यात. मी धावत तुझ्याकडे आले.

"ताई, आपलं चुकतंय. नियम चार स्पेसचा आहे."

"नियम नाही, सल्ला आहे."

"सल्ला का असेना, सगळे ऐकतात."

"सगळे म्हणजे कोण? ओंकार?"

"मला मधी घेऊ नका," ओंकार म्हणाला. "मी कापी-पेस्टवाला मानूस हाय. जिथून आनतो तिथलं जे असंल ते."

तुझ्या डोळ्यांना लहानपणापासून कमी दिसायचं. स्क्रीनवरची अक्षरं तू एवढी मोठी ठेवायचीस की एका वेळी मोजक्याच ओळी मावायच्या. ओंकार म्हणायचा, "ताईचा स्क्रीन म्हंजी यष्टीवरची पाटी. स्टँडच्या त्या टोकावरून वाचता येती." तू त्याला खडू फेकून मारायचीस आणि नेमका लागायचा. तेव्हा तो म्हणायचा, "कमी दिसतं म्हनं!"

तुझं म्हणणं तू मला सरळ सांगितलं होतंस. "टॅब ही नुसती खूण आहे. ती किती रुंद दिसावी ते ज्याचं त्याने आपल्या एडिटरमध्ये ठरवायचं. माझ्याकडे दोन अक्षरांएवढी, तुझ्याकडे चार. फाईल एकच. तू स्पेस दिल्यास की तुझ्या चार माझ्याकडेही चारच. माझी ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते. मग मी वाचू कधी आणि सरकवू किती?"

"पण जिथे आपण एकमेकांचे बदल बघतो, त्या पानावर टॅब आठ-आठ अक्षरं रुंद दिसतो. मला त्रास होतो."

"त्रास होतो की सवय नाही?"

"दोन्ही."

मग तू हुकमाचं पान काढलंस. मीच तुला कधीतरी सांगितलं होतं की तोडलेल्या उसाची मोळी बांधतात ती सगळ्या टोळीची एकाच मापाची असावी लागते, कारण ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची असते आणि आत थरावर थर बसायला हवा असतो. नवं जोडपं टोळीत आलं की पहिल्या दिवशी बाकीच्यांच्या मोळ्या बघून घेतं आणि मग मोळी बांधायच्या वाढ्याला, उसाच्या शेंड्याच्या पानांना, पीळ देतं. स्वतःच्या गावची रीत कितीही चांगली असली तरी.

"तर कांचन," तू म्हणालीस, "टोळीत नवीन आलेल्याने काय करायचं असतं?"

"ताई, हे चीटिंग आहे."

"उत्तर दे."

मी टॅब देत राहिले आणि संधी मिळाली की भांडत राहिले.

तो शिक्षकांना पाटी दाखवायचा दिवस तर तू पुन्हा पुन्हा सांगायचीस. तालुक्यातल्या चार शाळांचे शिक्षक लॅबमध्ये येऊन बसले होते. सकाळी ओंकारला वाटलं, पहिल्या पानावर 'सुस्वागतम्' असायला हवं. त्याने कुठूनतरी एक ओळ आणून मध्ये चिकटवली आणि कोणाला सांगितलं नाही. प्रोग्रॅम सुरूच होईना. पडद्यावर लाल अक्षरात आलं की अमुक ओळीचं सरकवणं आजूबाजूच्या ओळींशी जुळत नाही. ती ओळ मी डोळे फाडून बघत होते. ती वरच्या ओळीच्या बरोबर खाली, एका रेषेत, अगदी शहाण्यासारखी उभी होती.

मागून एक गुरुजी म्हणाले, "चालू व्हतंय का, ताई? आमची दुपारची यष्टी हाय."

ओंकार कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "व्हतंय, व्हतंय. इंजन तापतंय."

मग तू तीच फाईल तुझ्या लॅपटॉपवर उघडलीस. तुझ्याकडे टॅब दोनचा. बाकी सगळ्या ओळी दोन घरं आत होत्या आणि ओंकारची ओळ चार घरं, पंगतीत पाय पसरून बसल्यासारखी. तू बोट ठेवलंस. "हा पाहुणा कोणाचा?"

ओंकारने हात वर केला. सगळे शिक्षक हसले आणि पाटी चालू झाली.

चहाला बसल्यावर तू मला समजावलंस. "तुझा टॅब चारचा आणि त्याच्या स्पेसही चार. म्हणून तुला दोन्ही सारखं दिसलं. माझं माप वेगळं, म्हणून मला दिसलं."

"म्हणूनच सगळ्यांनी स्पेस द्याव्यात," मी म्हणाले. "मग सरमिसळच होणार नाही."

"म्हणूनच सगळ्यांनी टॅब द्यावेत," तू म्हणालीस. "मग सरमिसळच होणार नाही."

ओंकार आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "काष्टीच्या बाजारात बैलाचे दातबी एवढे कोन बघत न्हाई राव."

ताई, मला हे लिहिताना हसू येतं आहे. येऊ दे.

तू साध्या तापाने झोपलीस असं आम्हाला वाटलं होतं. दोन-तीन दिवसांत येशील म्हणून ओंकारने तुझ्या खुर्चीवर बसायचं सुद्धा टाळलं. तेव्हा तुझा निरोप आला, मोबाईलवर. तो मी पाठ केला आहे असं नाही, तो पाठ झाला आहे.

"नवीन मुलं यायच्या आत त्या इंडेंटचं काहीतरी कर. तुम्ही दोघं पाठवता ते सगळं मी जोडायच्या आधी हाताने सरळ करत बसते. डोळे दुखतात. एकदाच काय ते ठरव. टॅब की स्पेस ते तूच ठरव. मी भांडणार नाही."

तू हाताने सरळ करत होतीस हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं, ओंकारची चिकटवाचिकटवी, माझ्या विसरून दिलेल्या स्पेस, सगळं आपोआप जागेवर बसतं. कधी बोलली नाहीस. मी उत्तर पाठवलं, "असं कसं? भांडायचं. बरी होऊन ये." त्याखाली दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तू वाचलंस.

पुढचं मी इथे लिहिणार नाही.

तुझा चार्जर माझ्याकडे राहिला होता. तो द्यायला म्हणून तुझ्या घरी गेले. खरं तर दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले होते. काकूंनी दार उघडलं आणि मला आधी खाऊ घातलं, थालीपीठ आणि लोणी. मी कसंबसं संपवेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं दोघींचं ते कशावरून चालायचं गं? मला कधी कळलं नाही. घरी येऊन सांगायची, आज कांचन हरली."

"मी? कधी?"

"रोजच."

"काकू, खोटं आहे. मी एकदाही हरले नाही."

हे म्हणून मी जीभ चावली. त्या घरात, त्या दिवसांत असं मोठ्याने बोलायला नको होतं. पण काकू हसल्या. पदराने डोळे पुसत हसल्या. "ती असंच म्हणायची. म्हणायची, आई, ही पहिल्या वर्षी बोलायची नाही गं. कळ दाबू का म्हणून विचारायची. आता माझ्याशी टेबल आपटून भांडते. तिला भांडताना बघितलं की मला बरं वाटतं."

मी चार्जर पुढे केला. त्या म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडेच. लॅपटॉप रेवतीचे बाबा वापरतील, त्यांच्याकडे दुसरा चार्जर आहे."

ताई, तुला बरं वाटत होतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी तुला दमवते. एवढं जरी मला सांगितलं असतंस, तरी मी आणखी भांडले असते.

त्या आठवड्यात आण्णांचा फोन आला. त्यांनी तुला पाहिलेलं नव्हतं. पण माझ्या बोलण्यात 'ताई' एवढी असायची की ते नावाने विचारायचे.

"रेवतीचं कळलं. लई वाईट झालं, बाय." मग म्हणाले, "अन् तिचं ते काम? पोरांच्या शाळंचं?"

"अर्धं आहे."

"मंग?"

"बघते."

"बघती म्हंजी काय? टोळीतलं मानूस गेलं तर आमी बी रडतो. पन उसाचा फड अर्धा टाकून येता येत न्हाई. दिवाळीला इथून परत गाड्या निघत्याल. आपल्या आळीतलीच किती पोरं हायेत."

"करते," मी म्हणाले. 'बघते'चं 'करते' झालं ते असं.

नवीन मुलं आली. तुझ्या निरोपातली. लॅबमध्ये ओंकारने मला बाजूला घेतलं. "हे बघ, एक कमांड हाय. सगळ्या फायली चार स्पेसवर. एका झटक्यात. नवी पोरं एआयला विचारून ओळी आनत्यात, त्याबी चार स्पेसच्याच असत्यात. भांडन मिटलं. अन् तुझंच म्हननं हुतं की, दीड वर्सं!"

त्याचं काही चुकत नव्हतं. मी पाटीची एक प्रत वेगळी काढली आणि तिच्यावर ती कमांड चालवून बघितली. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळे टॅब गेले, सगळीकडे चार स्पेस आल्या. मला हवं होतं तसं. मग मी ते पान उघडलं जिथे प्रत्येक ओळीच्या कडेला ती कोणी लिहिली त्याचं नाव दिसतं. आदल्या दिवसापर्यंत तिथे वरपासून खालपर्यंत बहुतेक तुझं नाव होतं आणि नावावर गेलं की तू ती ओळ का लिहिलीस तेही दिसायचं. 'मूल मध्येच गावी परत आलं तर, कांचनने सांगितल्याप्रमाणे.' 'गुरुजींच्या मोबाईलवर नेट नसलं तर.' आता सगळीकडे माझं नाव होतं. मी काहीच लिहिलं नव्हतं, फक्त सरकवलं होतं.

ओंकार शेजारी उभा होता. मग हळूच म्हणाला, "तेवढा एक बदल वगळून जुनी नावं दाखवायचीबी सोय हाय. मी बघितलीय."

ते खरं आहे. म्हणून नुसतं तुझ्या नावासाठी मी थांबले असं मला म्हणता येणार नाही आणि तुलाही ते आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस, नावं पुसली गेली तरी चालतील, पोरांचे धडे पुसले जाऊ नयेत.

मी थांबले त्याचं पहिलं कारण सांगायला मला संकोच वाटतो. मी जिंकत होते आणि समोर तू नव्हतीस. तू 'मी भांडणार नाही' असं लिहिलंस तेव्हाच मला ते नको होतं. भांडणारं माणूस उठून गेल्यावर उरलेल्याने स्वतःला विजयी म्हणायचं, हे मला जमणार नाही. पण तेवढ्यावर टॅब ठेवले असते तर तो नुसता हट्ट झाला असता. मी काही ठरवलंच नाही. दोन दिवस नवीन मुलांना तोंडी सांगत राहिले आणि त्यांच्या ओळी हाताने सरळ करत राहिले. तू काय करायचीस ते माझ्या डोळ्यांना कळलं.

तिसऱ्या दिवशी हेमा आली. भंडारदऱ्याकडची, पहिल्या वर्षाची. तिच्या मामाने तिला कुठूनतरी जुना लॅपटॉप आणून दिला आहे, पाटीएवढा. म्हणजे खरीखुरी शाळेची पाटी. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, एक विचारू का? राग नाही ना येणार? माझ्याकडे सगळ्या ओळी बाहेर जातात. ही सुरुवातीची मोकळी जागा थोडी कमी केली तर तुम्हाला चालेल का?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं की नाही, चार म्हणजे चार. मग मी फाईल बघितली. अजून तुझीच होती, टॅबची. मी तिच्या एडिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन टॅबची रुंदी दोन केली. सगळ्या ओळी आत आल्या. फाईलमधलं एक अक्षर बदललं नाही. बाकी कोणाला काही कळलंही नाही.

"एवढंच?" हेमा म्हणाली.

"एवढंच."

ताई, तू मला हे किती वेळा सांगितलं होतंस. मी ते तुझ्या डोळ्यांचं कारण समजत होते. एका माणसाची अडचण. ते तसं नव्हतं. आता मी ठरवलं.

ठरवल्यावर काम सोपं होईल असं वाटलं होतं, पण झालं नाही. लॅबमधली मशीन बंद करून चालू केली की कोरी होतात, त्यामुळे प्रत्येकाच्या एडिटरमध्ये सेटिंग करून देण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी परत तेच. म्हणून ती सोय प्रकल्पातच ठेवायची होती. पाटीच्या मुळाशी एक छोटी फाईल ठेवायची आणि जो कोणी पाटी उघडेल त्याच्या एडिटरने आधी तिला विचारायचं, या घरात काय रीत आहे? मग टॅबची कळ दाबली की त्याप्रमाणे वागायचं. अशी फाईल असते हे मला माहीत होतं, पण लिहिलेली नव्हती. काही एडिटर तिचं आपणहून ऐकतात, एकाला वेगळी जोडणी टाकावी लागते. ते मराठीत लिहून ठेवलं. चिकटवलेल्या ओळी ती फाईल सरळ करत नाही, हे ओंकारने पहिल्याच सकाळी सिद्ध करून दाखवलं. मग सरमिसळ असलेला बदल परत पाठवणारी एक लहानशी तपासणीही जोडली. ओंकार म्हणाला, "ताई गेली अन् नाका बसला." मग स्वतःच गप्प झाला. मी म्हणाले, "बोल रे. तिला चाललं असतं."

फाईलची पहिली ओळ लिहिली: पायथनच्या सगळ्या फाईलींना टॅब. दुसरी ओळ लिहिताना मला तुझी गंमत करावीशी वाटली. पाटीच्या सेटिंगची जी आणखी एक वेगळी फाईल आहे तिच्यात टॅब चालतच नाही, तिथे स्पेसच द्याव्या लागतात. म्हणून तिच्यासाठी लिहिलं: दोन स्पेस. बघ, एवढी जागा तरी मी मिळवली. ओळींच्या शेवटी उरलेल्या रिकाम्या खुणा आपोआप पुसायच्या, अशीही एक ओळ मी लिहिली होती. मग तुझ्या फाईली उघडून बघितल्या. विचार करता करता तू टॅब दाबून सोडून द्यायचीस, तसे कितीतरी ओळींच्या शेवटी पडलेले आहेत. त्यांनी कोणाचं काही अडत नाही. ती ओळ मी काढून टाकली. हे मात्र मी तुझ्यासाठीच केलं, त्याला दुसरं कारण नाही.

मग उरली टॅबच्या रुंदीची ओळ. तिथे मला 'चार' लिहिता आलं असतं. मग पाटी उघडणाऱ्या प्रत्येकाला चार दिसलं असतं आणि मी निम्मी तरी जिंकले असते. कर्सर तिथे बराच वेळ लुकलुकत होता. रुंदीची ओळ मी लिहिली नाही. ती जागा ज्याची त्याने ठरवायची.

दुपारी हेमाचा पहिला बदल आला. पाचवीच्या गणिताच्या धड्यांची यादी तिने भरली होती. अपूर्णांकाच्या खाली दशांश. मी सवयीने उघडून सरळ करायला बसले. वरपासून खालपर्यंत गेले. मग परत गेले. सरळ करायला काहीच नव्हतं. मला आनंद झाला आणि लगेच रडू आलं, कारण तुझ्या एका कामाला आता तुझी गरज उरली नव्हती. हेमा घाबरली. "काही चुकलं का, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं जागेवर आहे." आणि जोडून टाकलं.

वाद मिटलेला नाही, हे लक्षात ठेव. माझ्या स्क्रीनवर टॅब अजून चारचाच आहे आणि ते जास्त चांगलं दिसतं.

दिवाळीनंतर गाड्या निघतील. त्याआधी आमच्या भागातल्या शाळांमध्ये पाटी बसवून, बाईंना आणि गुरुजींना शिकवून यायचं आहे. उद्या पाथर्डीच्या पहिल्या गाडीने मी आणि हेमा निघतो, ओंकार मोटारसायकलवर मागून येतो. पहिल्यांदा माझ्याच शाळेत जायचं आहे. समोर उभं राहून बोलायला मला अजून भीती वाटते. पण बोलेन. हेमाचा लॅपटॉप जुना आहे, बॅटरी तासभरही टिकत नाही. तुझा चार्जर त्याला बसतो, तो पिशवीत टाकला आहे.